गल्ली तेवढीच, गाडी मात्र रुंद

आज आपण गाडीबद्दल बोलणार आहोत. "आम्हाला काय करायचंय गाडीचं, आम्ही जातो एसटीनं नाहीतर वडापनं," असं तुमच्यातल्या काहीजणी लगेच म्हणतील. आम्हीही तेच म्हणत होतो. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत एक प्रसंग झाला आणि तेव्हापासून आमच्या गटात गाड्यांच्या रुंदीवर इतकी चर्चा झाली की दोन बैठकांत हप्त्यांचा हिशेब मागे पडला.

झालं असं. आमच्या गटातल्या एका वहिनींच्या सुनेला रात्री अकराच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. पाऊस मरणाचा. शेजारच्या वस्तीतल्या भाच्याला फोन केला, तो त्याची नवी गाडी घेऊन लगेच आला. पण गाडी पारापाशीच अडली. गल्लीत एका ठिकाणी विजेचा खांब आहे आणि त्याच्या बरोबर समोर आजींच्या घराची दगडी पायरी पुढे आलेली आहे. पोरानं आरसे दुमडले, दोनदा पुढे-मागे करून पाहिलं, मग म्हणाला, "मामी, नाही जात." शेवटी सुनेला खुर्चीत बसवलं, वरून प्लास्टिकचा कागद धरला आणि चौघींनी चिखलातून पारापर्यंत नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, काळजी करू नका.

दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट. "अगं, याच गल्लीतून गुरुजींची मारुती रोज दारापर्यंत जायची की!" आणि ते खरंच होतं. गुरुजी निवृत्त होईपर्यंत त्यांची जुनी पांढरी मारुती खांब आणि पायरीच्या मधून आत जायची. खांब तेव्हाही तिथंच होता. पायरी तर आजींच्या सासऱ्यांच्या वेळची. मग गल्ली आक्रसली की काय?

गल्ली आक्रसली नव्हती. गाडी फुगली होती.

आमच्यातल्या एक ताई शिवणकाम करतात. त्यांनी टेप काढली. शिवणाची टेप तुम्हा सगळ्यांच्या घरात असेल: ६० इंचांची, म्हणजे दुसऱ्या बाजूनं दीडशे सेंटीमीटर. खांब ते पायरी मोजलं, ते भरलं १७८ सेंटीमीटर, म्हणजे ५ फूट १० इंच. बाकी गल्ली सव्वासात फुटांच्या वर आहे, अडतं ते तेवढ्या एका जागी. मग ठरवलं की गाड्याही मोजायच्या. पुढच्या आठवड्यात वस्तीत लग्न होतं, मंडपामागे पंचवीस-तीस गाड्या लागल्या होत्या. गाडीची रुंदी मोजायला तिच्या दोन्ही अंगांना एकेक काठी उभी धरायची आणि दोन काठ्यांमधलं अंतर जमिनीवर मोजायचं, एवढं सोपं. वऱ्हाडी मंडळींना वाटलं आम्ही हार बांधायला आलोय. एका मामांनी तर पार्किंगची पावती आहे का म्हणून विचारलं.

आम्ही मोजलेले आकडे आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकातले आकडे ताडून पाहिले. एकदोन सेंटीमीटर इकडे-तिकडे सोडलं तर जुळले. खाली जे आकडे सांगतो ते माहितीपत्रकातले आहेत. एक लक्षात असू द्या, कंपनी रुंदी सांगते ती आरसे सोडून. दोन्ही बाजूंचे आरसे उघडे धरले की आणखी साधारण वीतभर जागा लागते.

गुरुजींची होती ती मारुती ८००. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली. पहिल्या गाडीची किल्ली त्या वेळच्या पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली होती. १९८६ मध्ये तिचं रूप बदललं आणि ते नवं रूपच आपण पुढं पंचवीस-तीस वर्षं रस्त्यावर पाहिलं. तिची रुंदी १४४ सेंटीमीटर. म्हणजे शिवणाची एक टेप आडवी धरली तर गाडी तिच्यात मावून वर सहा सेंटीमीटर उरतात.

आता पुढच्या गाड्या बघा. १९९८ ला आलेली सॅन्ट्रो १४९.५ सेंटीमीटर, टेपमध्ये बसली, पण काठावर. १९९९ ची पहिली वॅगनार, तीही दीडशेच्या आत. नॅनो आठवते का, लाखाची गाडी म्हणून गाजली ती? तीही १४९.५. त्या काळात छोटी गाडी म्हणजे टेपभर गाडी, असं म्हणायला हरकत नाही.

नंतर मात्र टेप पुरेना. सॅन्ट्रो बंद होऊन २०१८ ला त्याच नावानं परत आली, तेव्हा तिची रुंदी १६४.५ झाली होती. नाव तेच, आणि अंग पंधरा सेंटीमीटरनं वाढलेलं. वॅगनारचं २०१९ चं रूप १६२ चं. आय-टेन २००७ ला आली तेव्हा १५९.५ होती. २०१३ ला तिची थोरली बहीण ग्रँड आय-टेन आली, ती १६६. २०१९ ला निऑस आली, ती १६८. स्विफ्ट २००५ ला १६९ होती, २०११ ला अर्धा सेंटीमीटर वाढली, २०१८ ला १७३.५ झाली. २०२४ च्या नव्या स्विफ्टनं मात्र रुंदी तेवढीच ठेवली, हेही सांगायला हवं. म्हणजे दर वेळी वाढतेच असं नाही. पण कमी झाली असं काही आमच्या बघण्यात आलं नाही.

भाच्याची गाडी १७३.५ ची. आमची अडचणीची जागा १७८. दोन्ही बाजू मिळून साडेचार सेंटीमीटर शिल्लक, म्हणजे एका बाजूला दोन बोटं. अंधारात, पावसात, आत येताना कोण घालणार गाडी? पोराचं काही चुकलं नव्हतं.

आता प्रश्न असा की गाड्या रुंद का करतात. आमच्या बैठकीत पहिलं उत्तर आलं, "लोकं जाड झाली म्हणून!" सगळ्या हसल्या. त्यात थोडं तथ्य आहे, पण खरं कारण दरवाजात आहे.

जुन्या मारुतीचा दरवाजा आठवा. टिचकी मारली तर डब्यासारखा वाजायचा. पत्रा, काच, आत पुठ्ठ्यासारखं अस्तर, संपलं. आता समजा समोरून टक्कर झाली, तर आपल्या आणि समोरच्या गाडीच्या मध्ये इंजिन आहे, बॉनेट आहे, चेपायला हात-दोन हात लोखंड आहे. पण कुणी बाजूनं येऊन धडकलं तर? मध्ये फक्त तो दरवाजा. त्याच्या पलीकडे थेट आपली बरगडी. म्हणून नव्या गाड्यांच्या दरवाजात आडवा पोलादी दांडा असतो, आत जाडसर भरण असतं, काही गाड्यांत सीटच्या बाजूला किंवा वर छतापाशी हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग असते. हे सगळं ठेवायला जागा लागते. दरवाजा चार-पाच सेंटीमीटर जाड झाला की दोन्ही बाजूंची मिळून गाडी आठ-दहा सेंटीमीटर वाढते. म्हणून बाहेरून वाढलेली सगळी रुंदी आत बसणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. गोधडीला चार थर लावले तर ती जड होणारच, तसं आहे हे.

आपल्या देशात ही गोष्ट नियमात यायला वेळ लागला. समोरून आणि बाजूनं धडकवून गाडी तपासण्याची सक्ती नव्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०१७ पासून झाली आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्यांना दोन वर्षांनी. त्याच्या आधी, जानेवारी २०१४ मध्ये, ग्लोबल एनकॅप नावाच्या संस्थेनं भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरच्या वेगानं धडकवून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या, सगळ्यात स्वस्त रूपातल्या. मोठ्या माणसाच्या बचावासाठी पाचपैकी एकीलाही एक तारा मिळाला नाही. पाचही शून्य. त्यामुळे गुरुजींची मारुती किती गुणाची होती असं म्हणून उसासे टाकणाऱ्यांना आम्ही एवढंच सांगतो की ती गल्लीत मावत होती हे खरं, पण हायवेवर तिच्यात बसणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात बसणं होतं. २०१८ च्या डिसेंबरात नेक्सॉन ही भारतात बनलेली गाडी पाच तारे मिळवणारी पहिली ठरली. नेक्सॉनची आजची रुंदी १८०.४ सेंटीमीटर. मारुतीपेक्षा दीड वीत जास्त.

दुसरं कारण मागच्या सीटचं. तिघं बसतात ना मागे? आपल्याकडे तर चार आणि मांडीवर एक. खांद्याला खांदा लावून तीन मोठी माणसं बसवायची म्हटलं की लांबी कितीही वाढवा, उपयोग नाही, रुंदीच लागते.

तिसरं, गाड्या उंचही झाल्या. कडब्याची गाडी भरताना बघितलंय ना? थर वर चढत गेले की खाली पाया तेवढा रुंद हवा, नाहीतर बांधावरून उतरताना कलंडते. गाडीचंही तसंच आहे. उंच गाडी वळणावर कलू नये म्हणून तिची चाकं एकमेकांपासून लांब ठेवावी लागतात. चाकंही जाड झाली. मारुती ८०० चा टायर १४५ मिलीमीटर रुंदीचा होता, आजच्या स्विफ्टला १८५ चा मिळतो. पुढची चाकं वळताना आत जागा घेतात, ती जागा सोडून मग इंजिन आणि माणसाचे पाय बसवायचे.

आणि चौथं कारण आम्हाला सगळ्यात गमतीचं वाटलं. ते कराचं आहे. यावर थोडं थांबू, कारण यात सरकार कर कसा लावतं आणि त्यानं वस्तूचा आकार कसा बदलतो हे फार छान दिसतं.

२००६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारनं छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. पण छोटी गाडी कुणाला म्हणायचं? तर लांबी चार मीटरच्या आत हवी, आणि पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं १५०० पर्यंत. रुंदीचं नावच नाही! पुढं जीएसटी आला तरी ही चार मीटरची रेघ तशीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेघेच्या आतल्या गाड्यांवर १८ टक्के आणि बाहेरच्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. एवढा फरक असल्यावर कोण रेघ ओलांडेल?

यात डिझायरची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. स्विफ्टला मागे डिकी जोडून २००८ ला डिझायर आली, तेव्हा ती ४१६ सेंटीमीटर लांब होती. चार मीटरच्या बाहेर. २०१२ ला नवी डिझायर आली ती ३९९.५ सेंटीमीटरची! कर वाचवायला डिकी अक्षरशः साडेसोळा सेंटीमीटर कापली. लांब झगा कापून पोलका करावा तशी ती दिसायची, असं आमच्या शिवणकामवाल्या ताईंचं मत आहे. पण पाच वर्षांनी २०१७ ला पुढची डिझायर आली, तिची लांबी पुन्हा ३९९.५ आणि रुंदी मात्र १६९.५ वरून १७३.५. लांबीला भिंत घातली, मग वाढ निघाली कडेनं. पिंपात पाणी भरताना एक भोक बुजवलं की ते दुसरीकडून येतं.

म्हणून आज १८० सेंटीमीटर रुंदीची पेट्रोल नेक्सॉन सरकारी भाषेत छोटी गाडी आहे. लांबी चार मीटरच्या आत, इंजिन ११९९ सीसीचं, नियमात चोख बसते. आमच्या गल्लीत मात्र बसत नाही.

मग रुंदीलाही भिंत घातली तर काय होतं? ते बघायचं तर जपानकडे बघावं लागतं. तिथं 'केई' म्हणून एक गाड्यांचा वर्ग आहे. कर कमी, नंबरप्लेट पिवळी. त्या देशातही खेड्यातल्या गल्ल्या अरुंद, शेताच्या वाटा अरुंद, आणि शेतकऱ्यांकडे याच वर्गातले छोटे ट्रक. केईची अट लांबी, रुंदी, उंची आणि इंजिन या चारही गोष्टींची आहे. १९७६ च्या आधी रुंदी १३० सेंटीमीटरच्या आत लागायची, मग १४० झाली आणि १९९८ पासून १४८ आहे. म्हणजे तिथंही वाढली, अपघातात बचाव व्हावा म्हणूनच वाढवली, पण सरकारनं हात मोजून वाढवली. त्यानंतर पंचवीस वर्षांहून जास्त काळ ती १४८ वरच आहे. मग तिथल्या कंपन्यांनी काय केलं? गाडी वर वाढवली. कपाटासारख्या उभट गाड्या असतात त्या.

आता इथं आपला धागा जुळतो. मारुती ८०० ही मुळात सुझुकी कंपनीची जपानी केई गाडी. पहिली वॅगनारसुद्धा त्याच घराण्यातली. म्हणून त्या टेपमध्ये मावत होत्या! आपल्या देशानं गल्ल्या बघून त्या गाड्या निवडल्या असं काही नव्हे. जपानच्या नियमानं त्यांना अरुंद ठेवलं होतं आणि त्याचा फायदा आपल्या बोळांना फुकट मिळाला. आजही अल्टो के-टेनची रुंदी १४९ सेंटीमीटर आहे. २०२२ चं रूप असून टेपच्या आत. आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक काकू म्हणाल्या, "म्हणजे एक तरी लेक माहेरच्या वळणावर गेली म्हणायची."

हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडात १९५९ ला मिनी नावाची गाडी निघाली, जगभर छोट्या गाडीचा नमुना म्हणून तिचं नाव घेतात. ती १.४ मीटर रुंद होती. आज त्याच नावाची गाडी पावणेदोन मीटरला टेकली आहे. युरोपात ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं २०२४ च्या जानेवारीत हिशेब मांडला की तिकडच्या नव्या गाड्या दर दोन वर्षांनी सरासरी एक सेंटीमीटर रुंद होत आहेत. २०१८ ला सरासरी १७७.८ होती, २०२३ च्या पहिल्या सहा महिन्यांत १८०.३ झाली. नखाएवढी वाढ, पण थांबत नाही.

बरं, गाडी रुंद झाली तर झाली, घेणारा बघून घेईल. आपल्याला काय? तर मैत्रिणींनो, आपण कुठं चालतो ते आठवा.

आपल्याकडे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेले रस्ते आहेत. ही योजना २००० च्या डिसेंबरात सुरू झाली. या रस्त्यांचा डांबरी पट्टा साधारणपणे ३.७५ मीटरचा असतो, आणि जिथं वाहनं फारच कमी तिथं ३ मीटरचाही चालतो. आता साधा हिशेब करू. पावणेचार मीटरच्या डांबरावर समोरासमोर दोन मारुती ८०० आल्या. दोन्ही मिळून २८८ सेंटीमीटर. उरले ८७. आरसे सांभाळून, हळू करून, दोघी डांबरावरूनच निघून जातात. आता त्याच जागी दोन स्विफ्ट आणा. दोन्ही मिळून ३४७. उरले २८ सेंटीमीटर, आणि त्यात चार आरसे. जमत नाही. मग एकीला किंवा दोघींना एकेक चाक खाली साईडपट्टीवर घालावं लागतं.

आणि साईडपट्टीवर कोण असतं? आपण असतो. डोक्यावर वैरणीचा भारा, हातात पोरगं, नाहीतर शाळेतून येणाऱ्या मुली. भारा डोक्यावर असला की मान वळत नाही, मागून येणारी गाडी दिसत नाही, फक्त आवाज येतो. आणि भारासुद्धा दोन्ही बाजूंना हातभर बाहेर असतो. गाडीचा आरसा नेमका तिथं लागतो. ऊसतोडीच्या दिवसांत समोरून ट्रॉली आली तर बघायलाच नको. गाडीत बसलेल्या माणसाला जाड दरवाजा वाचवतो, ही चांगली गोष्ट आहे, ती आम्ही वर सांगितलीच. पण तो दरवाजा जेवढा बाहेर आला तेवढी जागा कुणाची तरी गेली, आणि डांबर तर वाढलं नाही. आमच्या मते हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकदम बोलायला पाहिजे. रस्त्याच्या कामाची ग्रामसभेत चर्चा निघते तेव्हा सगळे डांबराचं बोलतात, साईडपट्टीचं कुणी बोलत नाही. मुरूम टाकून ती नीट दाबली आहे का, की तिथं बाभळी आणि खड्डे आहेत, हे आपण विचारायचं.

घरापुरता विचार केला तरी हे आकडे कामाचे आहेत. आपल्यातल्या बऱ्याचजणींची घरकुलं झाली, काहींनी पुढं गाडीसाठी शेड काढायचं ठरवलं आहे. गवंडी आठ फूट सांगतो, कारण त्याच्या डोक्यात जुनी मारुती आहे. आठ फूट म्हणजे २४४ सेंटीमीटर. मारुती उभी केली की दोन्ही बाजू मिळून मीटरभर उरायचं, दार उघडून सुखानं उतरता यायचं. १८० ची गाडी उभी केली तर उरतात ६४, म्हणजे एका बाजूला ३२ सेंटीमीटर. त्यातून आठवा महिना लागलेली बाई बाहेर पडून दाखवा. सहा फुटी फाटक तर आता विसराच, ते १८३ सेंटीमीटरचं असतं. भिंत एकदा बांधली की परत हलत नाही, म्हणून आधी टेप लावा. आणि मोजायचं ते आरसे उघडे ठेवून, एका बाजूचं दार पूर्ण उघडून.

आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलाला वडापसाठी जुनी गाडी घ्यायला कर्ज मागितलं होतं. आधी आम्ही फक्त किंमत, हप्ता आणि जामीन एवढंच विचारलं असतं. या वेळी एक काकूंनी विचारलं, "गाडी रात्री लागणार कुठं?" मुलगा म्हणाला, पारापाशी. पारापाशी म्हणजे घरापासून दोनशे पावलं लांब, उघड्यावर. त्याच्या मनात एक रुंद, उंच, झोकदार गाडी होती. तिघींनी त्याच्याबरोबर जाऊन टेप लावली. शेवटी त्यानं अरुंद गाडी घेतली, थोडा हिरमुसला. रोज रात्री मात्र ती त्याच्या दारात लागते. हायवेवर प्रवासी नेताना वेग कमी ठेवायचा आणि पट्टा लावायचा, ही अट आम्ही तोंडी घातली आहे. कागदावर लिहिता येत नाही म्हणून तोंडी.

राहिला आमच्या गल्लीतला खांब आणि पायरी. खांब हलवण्यासाठी ग्रामपंचायतीमार्फत अर्ज दिला आहे. त्याचा खर्च किती आणि तो कुणी भरायचा, याचं पत्र यायचं आहे. ते येईपर्यंत काय, म्हणून आम्ही आजींकडे गेलो. विषय काढायला अवघड वाटत होतं, कारण पायरी त्यांच्या सासऱ्यांनी घडवून घेतलेली, काळ्या दगडाची. त्यांनी आधी चहा दिला. मग विचारलं, "किती कापायची म्हणता?" आम्ही टेप धरून वीतभर दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्या रात्री पोरीला खुर्चीतनं नेलीत, तेव्हा मी दारातच उभी होते. मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशीच याल विचारायला."

गवंड्यानं पायरी २५ सेंटीमीटर मागे घेतली, मजुरी गटाच्या खात्यातून दिली. दगड वाया गेला नाही, आजींनी तो तुळशीपाशी बसवून घेतला. आता तिथं २०३ सेंटीमीटर भरतात. टेप दोनदा लावून पाहिली.